शबलाची वाटी

गेल्या महिन्यांत आमच्या घरांत एक वाद उपस्थित झाला आणि तो अद्याप पुरता मिटलेला नाहीं. वादाचा विषय राजकारण नव्हे, वाटणी नव्हे, कीं कोणाच्या लग्नाची बोलणीं नव्हेत. धाकट्या चिरंजीवांनीं पुण्याहून येतांना कुत्र्याच्या खाद्याची एक मोठी पिशवी आणिली, एवढेंच निमित्त. पिशवी देखणी होती. वर एका तुकतुकीत कुत्र्याचें चित्र आणि आंत चिंचोक्याएवढे तांबूस कडक दाणे. सौभाग्यवतींनीं त्यांतला एक दाणा उचलून हुंगला, परत टाकला, हात धुतले आणि विचारलें, "हें अन्न आहे कीं खत? ज्या घरांत रोज वीस भाकऱ्या थापल्या जातात, त्या घरांत कुत्र्यानें बाजारचें खायचें?" सूनबाई हळूच म्हणाल्या, "अहो आई, डॉक्टरांनींच लिहून दिलंय." डॉक्टरांचें नांव निघाल्यावर सौभाग्यवती गप्प बसल्या, पण त्या गप्प बसण्याचा अर्थ आम्हांस चाळीस वर्षांच्या अनुभवानें चांगला ठाऊक आहे.

ज्याच्यावरून हें सर्व घडलें त्याचें नांव शबल. हें नांव आमचेंच. यमाच्या द्वारीं जे दोन सारमेय, म्हणजे देवशुनी सरमेचे पुत्र, उभे असतात, त्यांतला एक श्याम व दुसरा शबल. आमच्या कुत्र्याच्या अंगावर काळेपांढरे पट्टे आहेत, म्हणून हें नांव त्यास शोभलें. नातवंडें त्याला 'शॅबी' म्हणतात. संस्कृताची अशी हेळसांड या घरांत नित्य चालते. शबलाची आई मंगळवेढ्याकडील कारवानी, बाप अज्ञात. वय सहा वर्षें.

वाद ऐकून आम्हीं निवाडा लांबणीवर टाकिला आणि वाचावयास बसलों. सारा जन्म शाळेंत घालविलेल्या माणसास दुसरें कांहीं सुचत नाहीं. जें हाताशीं आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. सोलापुरांतील जुन्या वाड्यांच्या जागीं आतां सदनिका उभ्या राहिल्या आहेत, आणि ज्या घरांत एके काळीं कुत्रें ओसरी ओलांडीत नसे त्याच घरांतील मुलें आज त्याला पलंगावर घेऊन निजतात. तेव्हां हा प्रश्न आमच्या एकट्याच्या घरचा राहिलेला नाहीं.

आमच्या लहानपणीं कुत्र्याचें खाद्य अशी निराळी वस्तूच नव्हती. माणसांचें जेवण होई, आणि जें उरे तें कुत्र्याचें. मात्र त्यालाही एक रीत होती. वैश्वदेवानंतर कुत्र्यांसाठीं भूमीवर अन्न हळुवारपणें ठेवावें, असें मनुस्मृतींत सांगितलें आहे. फेंकावें असें नव्हे. (त्याच श्लोकांत कुत्र्यांच्या पंगतीला जीं माणसें बसविलीं आहेत, त्याची आम्हांस लाज वाटते. पण अन्न हळुवार ठेवण्याची शिकवण चांगली आहे.) आमच्याच जिल्ह्यांतील पंढरीची नामदेवांची कथा तर घराघरांत माहीत आहे. कुत्र्यानें भाकरी पळविली, तेव्हां नामदेव काठी घेऊन नव्हे, तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले. कोरडी भाकरी त्याच्या घशाखालीं कशी उतरेल, ही त्यांना चिंता. ही कथा आमच्या घरांत अजून सांगितली जाते, आणि पुढें येणाऱ्या हकीकतींत या तुपाचाही थोडा भाग आहे.

"आमचीं कुत्रीं भाकरीवरच वाढलीं," हें वाक्य सोलापूर, विजापूर, लातूर या सर्व टापूंत ऐकूं येतें. खोटें म्हणतां येणार नाहीं. कारवानी कुत्रा हा याच प्रदेशाचा. अंग सडपातळ, तोंड लांब, पोट आंत गेलेलें, आणि धांवतांना जमिनीस पाय लागतो कीं नाहीं असा संशय यावा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनीं या जातीची जोपासना केली, म्हणून सीमेपलीकडे त्यास मुधोळ कुत्रा म्हणतात. २००५ सालीं भारत सरकारनें त्याच्या चित्राचें टपाल-तिकीट काढलें. धनगरवाड्यावर या कुत्र्यास ज्वारीची भाकरी, ताकांत वा दुधांत शिजविलेलें पीठ हेंच मिळे. पण वाक्याचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतों. हा कुत्रा दिवसभर माळावर मोकळा असे. ससा, उंदीर, घोरपड, जें सांपडेल तें तो धरी, आणि हाडांसकट फस्त करी. भाकरी ही त्याच्या जेवणाची एक बाजू. दुसरी बाजू तो स्वतः मिळवीत असे. आम्हीं साखळीनें बांधलेल्या कुत्र्यास भाकरी तेवढी चालू ठेविली आणि ससा बंद केला.

हें आम्ही दुसऱ्यास दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. मॅट्रिक होऊन, नोकरी लागून, लग्न झाल्यावर आम्हीं पहिला कुत्रा पाळला, त्याचें नांव मोती. पिल्लूं महिन्याचें होतें. शेजारच्या एका गृहस्थांनीं "याला अंडें द्या, मटणाचें पाणी द्या," असें सांगितलें, तेव्हां आम्हीं त्यांना मोठ्या अभिमानानें उत्तर दिलें कीं, ब्राह्मणाच्या घरचा कुत्रा भाकरी-दुधावरच राहील. शिवाय एक आठवण मनांत घट्ट बसली होती. १९७२ च्या दुष्काळांत, आम्ही तेरा वर्षांचे असतांना, शिधापत्रिकेवर परदेशांतून आलेला तांबडा मिलो मिळे. त्याच्या भाकरीला ज्वारीची चव नसे आणि ती तव्यावरच चिरे. रस्त्याच्या कामांवर लोकांना सुकडी वाटीत. गल्लींतलीं कुत्रीं त्या वर्षीं कोठें गेलीं हें कोणीं विचारलेंही नाहीं. ज्याला भाकरी मिळते तो कुत्रा भाग्यवान, असें त्या दुष्काळानें आम्हांस शिकविलें होतें. मोतीला भाकरी मिळाली, आणि पाणी घातलेलें दूध मिळालें. चौथ्या महिन्यांत त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वांकले. पुढें औषधपाण्यानें तो जगला, नऊ वर्षें जगला, पण जन्मभर फेंगडाच चालला. जिना चढतांना तो थांबे आणि मागें वळून आमच्याकडे पाही. तें पाहणें आम्ही अजून विसरलों नाहीं.

त्या पायांचें कारण आम्हांस फार उशिरां कळलें. १९१८-१९ च्या सुमारास एडवर्ड मेलॅन्बी या इंग्रज वैद्यानें कुत्र्यांच्या पिल्लांना घरांत कोंडून ओटच्या लापशीसारख्या धान्यावर वाढविलें, आणि त्यांची हाडें वांकलीं. माशाच्या यकृताचें तेल देतांच तीं सुधारलीं. मुडदूस हा अन्नांतील उणिवेचा रोग आहे, हें लक्षावधि मुलांच्या उपयोगी पडलेलें ज्ञान असें पिल्लांच्या पायांवरून मिळालें. पुढें या तत्त्वाला ड जीवनसत्त्व म्हणूं लागले. माणसाच्या कातडींत तें उन्हानें तयार होतें. कुत्र्याच्या कातडींत पुरेसें होत नाहीं, त्याला तें अन्नांतूनच मिळावें लागतें. म्हणजे सोलापूरच्या उन्हांत मोतीला कितीही बसविलें असतें तरी उपयोग नव्हता. भाकरींत तें नाहीं, आणि हाडांस लागणारा चुनाही फार थोडा आहे.

अन्नशास्त्राचा कुत्र्याशीं असलेला हा संबंध येथेंच संपत नाहीं. अमेरिकेंत मक्यावर जगणाऱ्या गरीबांना पेलाग्रा नांवाचा कातडीचा व बुद्धीचा रोग होई, आणि तशाच अन्नावर कुत्र्यांची जीभ काळी पडे. १९३७ सालीं कॉनरॅड एल्व्हेजेम यांनीं निकोटिनिक आम्ल देऊन ती काळी जीभ बरी केली, आणि त्या रोगाचें मूळ सांपडलें. यापुढची गोष्ट तर आमच्याच दारांतली. दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरीबांतही हाच रोग आढळे. १९६० सालीं हैदराबादच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेंतील डॉ. गोपालन व त्यांचे सहकारी यांनीं ज्वारींतील ल्यूसीन या अंशाकडे बोट दाखविलें. पुढें त्यांनीं पिल्लांवर प्रयोग केले, तेव्हां ल्यूसीन अधिक असलेल्या आहारानें त्यांची जीभ काळी पडली. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीविषयीं आमचा अभिमान यानें तिळमात्र उणा होत नाहीं. डाळ, दूध, भाजी यांच्यासह भाकरी हें उत्तम अन्न आहे. नुसती भाकरी हें माणसाला पुरत नाहीं आणि कुत्र्यालाही पुरत नाहीं, एवढेंच.

आतां पिशवीच्या कुळाकडे वळूं. तिचा मूळपुरुष जेम्स स्प्रॅट. हा अमेरिकन गृहस्थ विजेपासून घरांचें रक्षण करणाऱ्या सळया विकीत असे व त्याच व्यवसायासाठीं लंडनास गेला. तेथील गोदींत खलाशांचीं टाकलेलीं टणक बिस्किटें कुत्रीं खात असलेलीं त्यानें पाहिलीं आणि त्यावरून त्यास कल्पना सुचली, अशी कथा आहे. १८६० च्या सुमारास त्यानें गव्हाचें पीठ, भाज्या, बीट व सुकें मांस यांचे 'डॉग केक' विकावयास आरंभ केला. मांस कोठलें, हें त्यानें सांगितलें नाहीं. गिऱ्हाईक होतें तें शिकारी कुत्रीं बाळगणाऱ्या श्रीमंत इंग्रजांचें. याच पेढींत चार्ल्स क्रफ्ट नांवाचा तरुण विक्रेता होता. त्यानें १८९१ सालीं लंडनांत स्वतःच्या नांवानें कुत्र्यांचें प्रदर्शन भरविलें आणि तें आजही भरतें. बिस्किटें विकणारानेंच कुत्र्यांचे दरबार भरवावे, यांतली व्यापारी बुद्धि वाचकांच्या ध्यानांत आलीच असेल.

पुढचा टप्पा घोड्यांचा. मोटारी व ट्रॅक्टर आल्यावर घोडा निकामी झाला, आणि १९२२ सालीं अमेरिकेंत इलिनॉय प्रांतांतील रॉकफर्ड येथें चॅपेल बंधूंनीं घोड्याचें मांस डब्यांत भरून कुत्र्यांसाठीं विकलें. ज्यानें शतकानुशतकें नांगर ओढला त्याची शेवटची सेवा ही! दुसऱ्या महायुद्धांत कथिल युद्धाच्या कामीं लागलें, डबे मिळेनात, आणि कोरड्या खाद्याचा जमाना आला. १९५७ च्या सुमारास प्युरिना कंपनीनें न्याहारीच्या फुलविलेल्या धान्याचें यंत्र या कामास जुंपलें. हें यंत्र म्हणजे, आमच्या वाचकभगिनींना लगेच समजेल असें सांगावयाचें तर, एक अवाढव्य सोऱ्या. पीठ, मांसाचा भुगा व पाणी यांचा लगदा प्रचंड दाबानें व उष्णतेनें तापवून भोकांतून बाहेर काढितात. बाहेर पडतांच दाब सुटतो, आणि दाणा कुरडई तळतांना फुगावी तसा फुगतो. मग तो वाळवून वरून चरबी व चवीचा अर्क शिंपडतात. पिशवी उघडतांच शबलाची शेपटी कां हलते, याचें उत्तर या शेवटच्या शिंपणांत आहे. त्यांत जीवनसत्त्वें व क्षार मोजून घातलेले असतात. मोतीस जें मिळालें नाहीं तें या दाण्यांत आहे, हें मान्य करण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं.

पण व्यापार तेवढ्यावर थांबला नाहीं. १९६४ सालीं अमेरिकेंतील या धंद्याच्या मंडळानें वृत्तपत्रांना व रेडिओला मजकूर पुरवून मोहीम चालविली कीं, घरचें उरलेलें अन्न कुत्र्यास घालणें अपायकारक आहे. एका पिढींत लोकांची समजूत फिरली. माणसाच्या हातचा घांस कुत्र्यानें हजारों वर्षें खाल्ला, आणि तो अचानक विष ठरला. शास्त्राचें म्हणणें याहून निराळें आहे. २०१३ सालीं स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, पिष्ट पचविणाऱ्या एका पाचक रसाच्या जनुकाच्या लांडग्याजवळ दोनच प्रती असतात, तर कुत्र्याजवळ चारापासून तीसपर्यंत. माणसाच्या उंबऱ्यावर बसून भाकरी खातां खातां या जनावराचें पोटच बदललें! तेव्हां भाकरी हा कुत्र्यावर केलेला अन्याय नव्हे; ती त्याच्या रक्तांत उतरली आहे. (मांजराची गोष्ट वेगळी. तें मांसाशींच बांधलेलें आहे. १९८७ सालीं असें उघड झालें कीं, तयार खाद्यांत टॉरीन कमी पडल्यानें मांजरांचीं हृदयें सुजून निकामी होत होतीं. शाकाहारी घरानें कुत्र्याचा प्रयोग पशुवैद्याच्या सल्ल्यानें करावा, मांजराचा मुळींच करूं नये.)

पिशवीविषयीं आम्हांस खरी भीति वाटते ती निराळीच. ज्या कुत्र्यास वर्षानुवर्षें एकाच पिशवींतलें अन्न मिळतें, त्याच्या नशिबीं त्या पिशवींतील चूकही रोज येते. घरीं एके दिवशीं वरण करपलें तर दुसऱ्या दिवशीं तें नीट होतें. कारखान्यांत चूक झाली म्हणजे ती एकाच वेळीं लाखों ताटांत वाढली जाते. २००७ सालीं मार्च महिन्यांत अमेरिकेंत हेंच घडलें. चीनमधून आलेल्या गव्हाच्या सत्त्वांत मेलॅमिन मिसळलेलें होतें. हें मेलॅमिन म्हणजे प्लॅस्टिकच्या बशा करण्याचें द्रव्य. तें खाद्यांत कां घालावें? कारण प्रथिन मोजण्याची जुनी रीत प्रत्यक्ष प्रथिन मोजीत नाहीं, नत्र मोजते आणि त्यावरून प्रथिनाचा हिशेब मांडते. मेलॅमिनांत नत्र भरपूर. परीक्षकाच्या कागदावर गुण चढले, आणि कुत्र्यांच्या मूत्रपिंडांत खडे झाले. सुमारें सहा कोटी डबे व पाकिटें परत मागविलीं गेलीं. आम्ही जन्मभर परीक्षा घेतल्या, तेव्हां ही लबाडी आमच्या परिचयाची आहे: जें मोजलें जातें तेवढेंच फुगवावयाचें. पण यापुढचें ऐकून हसूं येत नाहीं. पुढच्याच वर्षीं, २००८ सालीं, चीनमध्यें तेंच मेलॅमिन लहान मुलांच्या दुधाच्या भुकटींत सांपडलें. सुमारें तीन लाख मुलें आजारी झालीं, सहा दगावलीं. कुत्र्यांनीं एक वर्ष अगोदर सूचना दिली होती.

दुसरे दाखले थोडक्यांत सांगतों. २०१९ सालीं एका नामांकित कंपनीच्या डबाबंद खाद्यांत ड जीवनसत्त्वाचें प्रमाण अनेक पटींनीं जास्त पडलें आणि तें परत घ्यावें लागलें. ज्याच्या अभावानें मोतीचे पाय वांकले त्याच्याच अतिरेकानें मूत्रपिंडें बिघडतात. २०२० च्या अखेरीस बुरशी धरलेल्या मक्यांतील अफ्लाटॉक्सिन या विषानें शंभरांहून अधिक कुत्रीं मेल्याच्या तक्रारी तेथील सरकारकडे आल्या. कणसाला काळी बुरशी धरली तर आमचा शेतकरी तें जनावरापुढें टाकीत नाहीं. हें ज्ञान यंत्रांत शिरतांना वाटेंत कोठें गळलें कोण जाणे. मधल्या काळांत 'धान्यविरहित' खाद्याचें खूळ निघालें होतें. माणसांनीं गहूं सोडला म्हणून कुत्र्यांनींही सोडावा, असा तो विचार. धान्याच्या जागीं वाटाणे, मसूर भरले. २०१८ सालीं अशा खाद्यावरील कांहीं कुत्र्यांत हृदयविकार आढळल्यावरून चौकशी सुरू झाली. चार वर्षांनंतरही दोष निश्चित ठरला नाहीं, पण पशुवैद्य सावध झाले.

येथवर वाचन झाल्यावर आम्हीं सौभाग्यवतींना सर्व सांगितलें. त्यांनीं मेलॅमिनची हकीकत तेवढी लक्षांत ठेविली. चिरंजीवांनीं जीवनसत्त्वांची तेवढी. वाद होता तेथेंच राहिला. शेवटीं आम्ही स्वतः शबलास घेऊन डॉक्टरांकडे गेलों. हे डॉक्टर आमचे जुने विद्यार्थी. संस्कृतांत बेताचे, पण उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांतून चांगले गुण घेऊन आले. त्यांनीं शबलास काट्यावर उभें केलें. एकतीस किलो. "गुरुजी, याच्या अंगकाठीला पंचवीस पुष्कळ झाले," ते म्हणाले. मग त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवून आमचाही हात तेथें ठेविला. बरगडी लागेना. कारवानीच्या पोराची बरगडी लागूं नये! आम्ही पिशवी बरी कीं भाकरी बरी असें विचारणार, तोंच त्यांनीं आम्हांस विचारिलें, "गुरुजी, तें नंतर बघूं. आधीं मला सांगा, घरांत याला खायला कोण घालतं?"

आम्हीं सांगितलें, "सूनबाई."

"आणखी?"

या 'आणखी'चें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. घरीं येऊन चौकशी केली. सूनबाई सकाळ-संध्याकाळ पिशवींतलें देतात, पिशवीवर लिहिल्याबरहुकूम. वहिनी दुपारीं मागच्या दारीं भाकरी-ताक देतात, कारण तें मुकें जनावर दुपारभर उपाशी कसें राहील. सौभाग्यवती रात्रीं गरम भाकरीवर तूप घालून देतात. नामदेवांची कथा त्यांनींच आमच्या मुलांना सांगितली होती. दोन्ही नातू आपापल्या नावडत्या भाज्या त्याच्याकडे सरकवितात. भावाच्या दुकानचा नोकर त्याला शेंगदाण्याच्या लाडवाचा तुकडा देतो. आणि प्रत्येकाची प्रामाणिक समजूत अशी कीं, आपणच तेवढे देतों. पिशवी आल्यावर भाकरी थांबली नाहीं. भाकरीवर पिशवी आली. पिशवीवरचें कोष्टक ज्यानें छापलें त्यानें मायबाप आणि दोन मुलें असें घर डोळ्यांपुढें धरिलें असावें. चौदा माणसांच्या आमच्या घराचा हिशेब त्यांत कोठून असणार?

डॉक्टरांनीं त्या दिवशीं एका प्रयोगाची माहिती दिली, ती आम्हीं नंतर पडताळून पाहिली. अमेरिकेंत अठ्ठेचाळीस लॅब्रडॉर पिल्लांच्या जोड्या लाविल्या. जोडींतील एकास जेवढें अन्न, त्याहून चतुर्थांश कमी दुसऱ्यास, आणि हें त्यांच्या जन्मभर. अन्न तेंच. कमी खाणाऱ्यांचें सरासरी आयुष्य सुमारें तेरा वर्षें भरलें, दुसऱ्यांचें सवाअकरा. शिवाय कमी खाणाऱ्यांचे सांधे उशिरां दुखूं लागले. २००२ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि प्रयोग करणारी कंपनी कुत्र्यांचें खाद्यच विकणारी होती. कमी विकत घ्या, असें जिच्या प्रयोगांतून निघतें ती तो निष्कर्ष छापते, याबद्दल तिला आम्ही मनापासून मान देतों.

आणखी एक गोष्ट त्यांनीं सांगितली ती आमच्या वाचकभगिनींनीं विशेष ध्यानांत ठेवावी. कुत्र्यास द्राक्षें व बेदाणे देऊं नयेत. थोड्या प्रमाणानेंही कांहीं कुत्र्यांचीं मूत्रपिंडें बंद पडतात. हें २००१ च्या सुमारास उघडकीस आलें. आपल्या जिल्ह्यांत पंढरपूरकडे बेदाणा पिकतो, आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यांत तो हात सैल सोडून पडतो. आमच्याकडे गेल्या श्रावणांत शबलानें प्रसादाची अर्धी वाटी चाटली होती. त्यास कांहीं झालें नाहीं, पण ऐकतांना आमच्या पायांतलें बळ गेलें. कांदा व लसूण यांनीं त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात, म्हणून पिठलें व झुणका वर्ज्य. चॉकलेट वर्ज्य. साध्या भाकरीचें काय, असें आम्हीं भीत भीत विचारिलें. "देऊं द्या हो गुरुजी, काकूंना वाईट वाटेल," ते हसून म्हणाले. पण दिवसाच्या एकूण अन्नाचा दहावा हिस्सा, याहून अधिक वरखाऊ नको, आणि तेवढें पिशवींतून कमी करावयाचें. तूप नको. त्यांच्या या शेवटच्या दोन शब्दांचें घरीं कसें स्वागत झालें तें येथें लिहीत नाहीं.

आम्हीं मग शाळामास्तराला जमेल तसा बंदोबस्त केला. देव्हाऱ्यासाठीं घेतलेली पण वापरांत नसलेली एक स्टीलची वाटी काढली, डॉक्टरांनीं सांगितलेल्या वजनाचे दाणे तींत मोजून भरले आणि कांठाखालीं रेघ ओढली. त्या रेघेपर्यंत दोन वेळां. स्वयंपाकघराच्या दाराशीं एक पाटी टांगली. तीवर घरांतील सर्वांचीं नांवें, आणि जो जें देईल त्यानें तें नांवापुढें लिहावयाचें. पहिल्या आठवड्यांत पाटी अशी भरली कीं तिला खालीं जागा राहिली नाहीं. सौभाग्यवतींच्या नांवापुढें रोज 'अर्धी भाकरी' असे, आणि तूप ठळकपणें गाळलेलें असे. तें खरोखर गाळलें होतें कीं केवळ पाटीवरून, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. वहिनींनीं दुपारचें ताक बंद केलें. नातवांच्या भाज्या पुन्हा त्यांच्याच ताटांत राहूं लागल्या, आणि हा त्यांना शबलाच्या प्रकृतीचा जाच वाटूं लागला. शबल पहिले आठ दिवस रिकामी वाटी तोंडांत धरून घरभर फिरला. आम्हांस मोतीचें जिन्यावरचें थांबणें आठवलें, आणि आम्ही उठून दुसऱ्या खोलींत जाऊन बसलों.

परवां पुन्हा काटा केला. तीस किलो दोनशें ग्रॅम. डॉक्टर खूष झाले, पण आणखी उतरावयास हवें होतें असें म्हणाले. घरीं येतांच आम्हीं पाटी खालीं घेतली आणि एकेक नांव तपासूं लागलों. आमच्या नांवापुढची जागा आम्हीं कोरी सोडली होती. तेथें धाकट्या नातीच्या वळणदार अक्षरांत लिहिलें होतें: "आजोबा, रोज सकाळीं, चहांत बुडवून बिस्किटें दोन."